सगळे हात वर

८ जानेवारी, बुधवार

परत एक मीटिंग! दोन तास त्या लाकडी बाकावर बसून कंबर धरली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ठेवणीतला चेहरा घेऊन आल्या तेव्हाच ओळखलं की काहीतरी शिजतंय. त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात. वयानं माझ्याहून लहान आहेत, पण खुर्ची मोठी.

तर शिक्षण मंडळाची स्पर्धा आहे. ‘निरोगी मूल, आनंदी मूल’. पाच सवयी ठरवल्यात. सकाळी पोटभर नाश्ता, रोज फळ किंवा भाजी, तासभर खेळ, मोबाइल-टीव्ही तासाच्या आत, आणि रात्री नऊला झोप. वर्गात फळा टांगायचा. सकाळी मुलांनी हात वर करून सांगायचं, काय काय पाळलं. पाचही पाळल्या तर कागदी सूर्य चिकटवायचा. शेवटी मंडळाची समिती येणार आणि मुलांना विचारणार – अंगात ताकद वाटते का, शाळेत यावंसं वाटतं का, मित्र आहेत का. सवयी चांगल्या तर मूल सुखी, असं मंडळाचं गणित. असेल बाबा.

गंमत अशी की हे सगळं मी किती वर्षं बोंबलत आले! पोरांना पळू द्या, जेवू द्या, झोपू द्या. तेव्हा माझा खेळाचा तास सरळ गणिताला देऊन टाकायचे. विचारायचे नाहीत, सांगायचे. ‘परीक्षा जवळ आलीये हो, तुमचं काय, नुसतं पळायचंच तर आहे.’ आता मंडळानं ढाल ठेवली म्हटल्यावर सगळ्यांना आरोग्याचा पुळका आलाय.

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, ‘हे तुमचंच खातं. सातवीपासून सुरू करा.’ मनातून बरं वाटलं. इथे कशाला लपवू.

घरी आले तर ह्यांच्या मिशीत केकचा चुरा. साखर वाढलीये, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. ‘गोड खाल्लंत?’ ‘छे छे, शपथ!’ निवृत्त झाल्यापासून हा माणूस दुसरीत असल्यासारखा वागतो.

१३ जानेवारी, सोमवार

फळा टांगला. सातवीचा वर्ग, सकाळची पहिली घंटा. विचारलं, नाश्ता कोणी केला? सगळे हात वर. फळ-भाजी? सगळे. मोबाइल तासाच्या आत? सगळे! मागच्या बाकावरचा एक तर हात वर करून जांभई देत होता. रात्री नऊला कोण झोपलं? पुन्हा सगळे.

एक सोडून. भिंगरी.

भिंगरी हे नाव मीच ठेवलंय तिला, पाचवीत असताना. पोर एका जागी उभी राहतच नाही. नळावर पाणी प्यायला गेली तरी पळत जाणार, रांगेत उभी असली तरी टाचा वरखाली. आणि मैदानावर सोडली की बघत राहावं. इतकी पोरं हाताखालून गेली, असे पाय एकाचेही नव्हते. रिलेत शेवटचा टप्पा तिचा. गेल्या वर्षी सगळ्यांच्या मागे असताना बॅटन घेतली आणि दुसरी आली. पडली, उठली, हसत हसत आली. हसण्याचा आवाज तर इतका मोठा की मी शिट्टी मारली तरी ऐकू येत नाही.

तर ती म्हणाली, ‘बाई, मी अकराला झोपले.’ वर्ग हसला. तीही हसली. ‘आणि नाश्ता?’ ‘चहा आणि बिस्किट. त्याला नाश्ता म्हणायचं का, ते तुम्ही सांगा.’

मी म्हटलं, नाही म्हणायचं. ‘मग नाही केला,’ म्हणाली आणि बसली.

१५ जानेवारी, बुधवार

तीन दिवसांत फळा सूर्यांनी भरला. डोळ्यांखाली काळं, तोंडावर झोप, आणि नावापुढे सूर्य! मोठ्या बाई येऊन खूश होऊन गेल्या. मला संताप आला. पोरं सर्रास थापा मारतायत आणि मी डिंक लावतेय.

म्हणून आज डोकं चालवलं. गट पाडायचे, चार-चारचे. चौघांनी पाचही सवयी पाळल्या तरच गटाला सूर्य. एक जरी चुकला तरी चौघांचा गेला. रिलेत नाही का, एकीनं बॅटन पाडली की चौघी बाद! मग तीन जणी मिळून चौथीला सांभाळून घेतात, तिला जोर देतात. मी हे मैदानावर किती वेळा पाहिलंय. गटातली मुलंच एकमेकांवर लक्ष ठेवतील, थापा बंद होतील, आणि मागे राहणाऱ्याला कोणीतरी हात देईल.

मोठ्या बाई म्हणाल्या, ‘वा! अनुभव बोलतोय.’ मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

माझ्या रिलेच्या चौघींचा मी एकच गट केला. भिंगरी, पोपट, सळई आणि चष्मेवाली. तशाही एकत्रच असतात.

१६ जानेवारी, गुरुवार

आज ढोकळ्यासारख्या फुगून बसल्यात तिघी. सूर्य नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आठवडा होत आला, चौघींच्या गटापुढे एकही सूर्य नाही. बाकीचे गट भरलेले. आज डब्याच्या सुट्टीत पोपट भिंगरीवर ओरडत होती. पोपटचं तोंड म्हणजे टकळी. ‘तुझ्या एकटीमुळे आमचं नाव खाली! नऊला झोपायला काय होतं तुला? आम्ही झोपतोच ना?’ सळई आणि चष्मेवाली पलीकडच्या बाकावर डबा घेऊन गेल्या. सांभाळून घेतात म्हणे! मी लिहिलेलं मीच वाचतेय.

मग मी भिंगरीला सामानाच्या खोलीत बोलावलं, चेंडूंत हवा भरायच्या निमित्तानं. म्हटलं, ‘अकरापर्यंत करतेस काय गं?’

सांगून मोकळी झाली. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे, कायमची रात्रपाळी. वडील ट्रकवर, महिन्यातून कधीतरी येतात. ही शाळेतून घरी पोचते तेव्हा आई निघायच्या गडबडीत, सकाळी आई येते तेव्हा ही दप्तर उचलून दारात. मधे काय ते दोन शब्द. ‘दूध उतू घालवू नकोस’, ‘भावाचे कान साफ कर’, एवढंच. पण आईला साडेदहाला चहाची सुट्टी होते. तेव्हा ती फोन करते. ही आणि धाकटा भाऊ वाट बघत जागे असतात. आई मुकादमाची नक्कल करते, ही शाळेत काय झालं ते सांगते, धाकटा मधे मधे गाणी म्हणतो. ‘आम्ही खूप हसतो, बाई. शेजारचे काका भिंतीवर थापा मारतात.’ सांगतानाही हसत होती.

मी म्हटलं, ‘आईला जरा लवकर करायला सांग ना फोन, आठला.’

‘आठला मशिनपाशी असते ती. तिथे फोन चालत नाही.’

‘मग रविवारी बोला पोटभर. बघ काहीतरी. तिघींचा तरी विचार कर.’

हे मी म्हटलं. ‘तिघींचा विचार कर.’ चेंडूची हवा फुस्स करून गेली, पुन्हा भरायला लागली.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज चौघींना सूर्य! पहिलाच. भिंगरीनं पाचही वेळा हात वर केला. पोपटनं तिला मिठी मारली. मला वाटलं, चला, जमलं.

३० जानेवारी, गुरुवार

नाही जमलं.

फळ्यावर चौघींचे सूर्य ओळीनं लागलेत. भिंगरी घरून उकडलेलं अंडं आणते आणि पहिल्या घंटेआधी सगळ्यांसमोर खाते, पुरावा म्हणून. मोबाइलला हात लावत नाही. नऊला अंथरुणात. मंडळाच्या गणितानं ही पोर आता वर्गात सगळ्यात सुखी असायला हवी.

मैदानावर आली तर पाय ओढतेय. म्हणजे दुखतंय म्हणून नाही, मनच नाही. बॅटन हातात देईपर्यंत सळईकडे बघतसुद्धा नाही. चुकली तर हसत नाही, जिंकली तरी नाही. नळावर चालत गेली. चालत! मी शिट्टी तोंडात धरून बघत राहिले.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘वयात येत असेल.’ बायकांचं काही कळलं नाही की ह्यांचं एवढं एक उत्तर ठरलेलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीची आई आली होती. पाळी संपवून तशीच, शाळेच्या फाटकाशी. बारीकशी बाई, माझ्या खांद्याला लागेल एवढी. हात पाण्यानं पांढरेफटक, बोटांच्या कातडीला सुरकुत्या. सोड्याचा वास. मला वाटलं आता ही भांडणार. मी आधीच आवाज चढवायच्या तयारीत.

तर म्हणाली, ‘बाई, एक विचारू? तुम्ही तिला सांगितलंय का, माझा फोन घेऊ नको म्हणून?’

मी म्हटलं, तसं नाही, झोपेचं आहे, शाळेत उपक्रम चाललाय...

‘धाकटा उचलतो. म्हणतो, ताई डोळे मिटून पडलीये. झोपली का, विचारलं तर म्हणतो, नाही, नुसतीच पडलीये. मी म्हटलं, दे तिच्या कानाला. तर कूस बदलते म्हणे.’ मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. ‘झोप महत्त्वाची, कळतं मला. तुम्ही शिकलेल्या, विचार करूनच सांगितलं असणार. तसं असेल तर राहू दे. मी नाही करणार फोन. फक्त विचारायला आले.’

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं!

मी म्हटलं, ‘नाही नाही. करा फोन. मी बघते.’ ती ‘बरं’ म्हणून गेली. बस चुकेल म्हणून पळत गेली आणि तेव्हा कळलं पोरीचे पाय कुठून आलेत.

मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, झोपेची अट काढून टाका, किंवा त्या पोरीपुरती तरी सोडा. त्या म्हणाल्या, ‘मंडळानं पाच ठरवल्यात, मी चार कशा करू? आणि एकीला सोडलं तर उद्या सगळे पालक दारात.’ मग आवाज खाली आणला. ‘पुढच्या वर्षी खेळाचे तास निम्मे करून संगणकाला द्यावेत, असं वरून विचारतायत. ढाल आली तर मी त्यांना तोंडावर नाही म्हणू शकेन. ढाल कोणासाठी आणतोय आपण? तुमच्यासाठीच ना?’

उठून तासाला गेले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मी तोडगा काढला. पुन्हा सामानाची खोली, पुन्हा चेंडू. म्हटलं, ‘भिंगरे, आजपासून आईचा फोन घ्यायचा. हवं तेवढं बोला, हसा. आणि सकाळी विचारलं की हात वर करायचा.’

‘पण नऊला झोपलेली नसणार ना मी.’

‘नसलीस तरी.’

‘मग ते खोटं होईल, बाई.’

‘होऊ दे गं. वर्गात खरं कोण सांगतंय? सगळेच करतात.’

तिनं पंपाची नळी हातात फिरवली, फिरवली. मग म्हणाली, ‘तुम्ही सांगताय म्हणून करू?’

‘हो. मी सांगतेय म्हणून कर.’

एवढं सोपं होतं. आई खूश, पोर खूश, पोपट खूश, मोठ्या बाई खूश. आणि डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी मीही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरी परत आली! आज पळाली ती अशी की बॅटन देताना सळईला दोन पावलं जास्त घ्यावी लागली. हसली तेव्हा वरच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी लावून घेतली. सकाळी पाचही वेळा हात वर. चेहऱ्यावर रेष हलली नाही. लवकर शिकते पोर.

आंतरशालेय शर्यत बावीस तारखेला. या वेळी पहिल्या येणार, मी लिहून देते.

१० फेब्रुवारी, सोमवार

कपाळाला हात लावायची वेळ आली. मैदान बंद! समिती अठराला येणार म्हणून मैदानावर मंडप, स्टेज, खुर्च्या. ‘निरोगी मूल, आनंदी मूल’ असा मोठा फलक, आणि त्याच्याखाली मुलांना पाय ठेवायला मनाई. खेळायची जागा अडवून खेळाचा गौरव! मोठ्या बाईंना म्हटलं, शर्यत तोंडावर आलीये, मुली पळणार कुठे? ‘मागच्या अंगणात पळवा की हो.’

मागचं अंगण म्हणजे सिमेंट. गाड्या लावायची जागा. पण करतेय काय? दोन आठवड्यांवर शर्यत. पळवल्या तिथेच.

पोपटनं पहिल्याच दिवशी गळा काढला. नडगी दुखते, टाच दुखते, सिमेंट टोचतं. मी खेकसले, ‘नखरे नकोत!’ पण नंतर तिचा पाय दाबून बघितला आणि दोन दिवस बसवली. तोंडानं टकळी असली तरी पाय माझ्या जबाबदारीचा. बाकीच्या तिघींना विचारलं. सळईचा अंगठा सोलला होता, पट्टी लावली. चष्मेवाली ठीक. भिंगरी म्हणाली, ‘मला काही होत नाही, बाई.’ आणि आणखी एक फेरी मारून आली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी फळ्यापाशी भिंगरी स्वतःहून म्हणाली, ‘दूध, अंडं आणि सफरचंद, बाई.’ मी विचारलंसुद्धा नव्हतं. सुट्टीत ऐकलं, पोपटला सांगत होती, ‘अंडं म्हटलं की पुढचं विचारत नाहीत.’ मला हसू आवरेना. घरी ह्यांना सांगितलं तर हेही हसले. म्हणाले, ‘मला शिकवायला पाठव तिला.’ रात्री कपाटात, स्वेटरच्या मागे, अर्धा केक सापडला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज समितीची तालीम. मोठ्या बाई स्वतः समिती झाल्या. खुर्चीत बसून एकेक प्रश्न. ‘थकवा येतो का?’ सगळे मिळून ‘नाहीऽऽ!’ ‘शाळा आवडते का?’ ‘होऽऽ!’ ‘काही दुखतं-खुपतं का?’ ‘नाहीऽऽ!’ एकानं ‘कधी कधी पोट दुखतं’ म्हटलं तर त्याला उभा करून तीनदा ‘नाही’ म्हणायला लावलं. मी शिट्टी गळ्यात घालून भिंतीला टेकून उभी. तोंडात शिट्टी असती तरी वाजवली असती का, माहीत नाही. माझे तास वाचणार होते ना!

नंतर मागच्या अंगणात पळायला नेलं. मुलींना रोजच्यासारखं विचारलं, पाय कसे आहेत? पोपट सोडून सगळ्यांचे उत्तम.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आली एकदाची समिती. चौघे. फुलं, भाषण, पाण्याच्या बाटल्या. सातवीच्या वर्गात आले. फळ्यावरचे सूर्य बघून एक जण म्हणाला, ‘उन्हाळाच की!’ सगळे हसले. मुलांनी तालमीप्रमाणे हो म्हटलं, नाही म्हटलं.

त्यांत एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांना ते एका सुरातलं ‘होऽऽ’ पटलं नसावं. त्या सरळ भिंगरीच्या बाकाशी जाऊन बसल्या. शेजारीच, बाकावर. हळू विचारलं, ‘रात्री झोप लागते का गं?’ ‘हो.’ ‘किती वाजता?’ ‘नऊला.’ ‘सकाळी उठल्यावर कसं वाटतं?’ ‘ताजंतवानं.’ पोरीला हा शब्द आला कुठून! ‘कुठे दुखतं का? डोकं, पोट, पाय?’ ‘नाही.’ ‘घरी बोलायला कोणी आहे?’ ‘आई आहे. आम्ही रोज बोलतो.’ ‘कधी?’ भिंगरी म्हणाली, ‘संध्याकाळी. मी शाळेतून आल्यावर. चहा पिताना.’

एक अक्षर अडखळली नाही. त्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग दिवसभर तेच आठवत राहिलं. त्या बाईंनी एवढ्या मायेनं विचारलं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ढाल आपल्याला! मोठ्या बाईंनी माइकवर माझं नाव घेतलं. ‘गटाची कल्पना आमच्या खेळाच्या बाईंची.’ टाळ्या. फोटोत चौघी पुढे, ढाल भिंगरीच्या हातात, कारण समितीच्या बाईंना तीच आवडली. खेळाचे तास वाचले. वर्षभर तरी.

फोटोनंतर भिंगरी जिना उतरताना कठडा धरून उतरत होती. एकेक पायरी. मी खालून विचारलं, ‘काय गं, काय झालं?’

‘काही नाही बाई, बूट चावतोय.’

बूट काढून बघितला. टाचेला जरा लाल होतं. पट्टी लावून दिली. म्हटलं, दुखत असेल तर सांग हां, परवाची शर्यत गेली उडत. म्हणाली, ‘नाही ओ बाई, खरंच काही नाही.’

पोपट असती तर मी विश्वास ठेवला नसता. पण भिंगरी नाटकं करणारी नाही. ती जे आहे ते सांगते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या शर्यत. मुलींना लवकर घरी पाठवलं. ह्यांनी साखर तपासली, खूप वाढलीये. डॉक्टरांना फोनवर म्हणाले, ‘काय माहीत, मी तर काही खात नाही.’ भांडायचंही त्राण नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जमेल तेवढं लिहिते.

चांगली सुरुवात झाली. चष्मेवाली, मग पोपट, मग सळई. भिंगरीला बॅटन मिळाली तेव्हा आम्ही चौथ्या. एकीला मागे टाकलं. दुसरीला टाकलं. मी कडेनं पळत होते, ओरडत होते. ओरडत काय होते तर ‘चल! चल! काही होत नाही तुला!’ सगळ्यांच्या पुढे गेली. दोरी समोर होती. तिचा चेहरा मला दिसला. दात आवळलेले, रंग गेलेला, आणि मला वाटलं जिद्द आहे पोरीची.

मग डावा पाय तिच्याखाली नुसता मुडपला. आवाज आला. कोरडी फांदी मोडल्यासारखा. बॅटन पुढे घरंगळत गेली.

तिनं किंचाळायला हवं होतं. ती नुसती म्हणाली, ‘सॉरी, बाई.’

इस्पितळात आणली. तिच्या आईला त्याच इस्पितळाच्या तळमजल्यावरून बोलावून घ्यावं लागलं. पाळी संपून घरी गेली नव्हती. जादाची पाळी घेतली होती. शर्यतीला यायचं म्हणून संध्याकाळची सुट्टी मागून घेतली होती म्हणे, आणि शर्यत दुपारी, हे तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी तरी कुठे कळवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावून दाखवला. काल मोडलं ते वेगळं. त्याच्या खालीच एक जुनी चीर आहे, आठ-दहा दिवस तरी झाले असतील. म्हणाले, ‘यावर चालणंसुद्धा अवघड. ही पळत कशी होती?’ मग भिंगरीकडे वळून विचारलं, ‘बेटा, पाय कधीपासून दुखतोय?’

आई तिचा हात धरून बसली होती. भिंगरीनं आईकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

‘बाई, काय सांगू?’